उष्मांकांची जमाबंदी

मे महिन्यात ज्या शहराचा पारा ४५ अंशांच्या आसपास बिनदिक्कत मुक्काम ठोकतो, त्या रायपुरातील माणसाला डिसेंबरात १२ अंशांची पहाट लाभली, म्हणजे ती थंडी तो त्वचेपेक्षा जिव्हेनेच अधिक उपभोगू लागतो. आणि नेमक्या त्याच सुमारास, गोलबाजारात मटार, मेथी, लालभाजी, तिवऱ्याची कोवळी पाने आणि नवा गूळ यांची आवक सुरू झालेली असताना, चौकाचौकांत पोह्यांच्या परातीवर वाफ आणि जिलेबीच्या कढईखाली जाळ दिसू लागलेला असताना, आमच्याच घरात आहारनियमनाचे फर्मान का सुटावे, हे कोडे उभी हयात हिशेबखात्यात काढलेल्या मला आजतागायत उलगडलेले नाही. ज्या दिवसांत ताकापलीकडे काही घशाखाली उतरत नाही, त्या दिवसांत कोणी कमी खा म्हणून सांगत नाही. उपदेश नेहमी भुकेच्या मागोमाग येतो.

यंदा निमित्त झाले रक्ततपासणीच्या कागदाचे. डॉक्टरांनी त्यावर दोन ठिकाणी लाल शाईने वर्तुळे काढली. तो कागद सौभाग्यवतीच्या दृष्टीस पडण्यापूर्वी कपाटातील जुन्या वीजबिलांत दप्तरी दाखल करावा, अशा तजविजीत मी घरी पोहोचलो. परंतु कागदाची नक्कल दवाखान्यातून तिच्या मोबाइलवर माझ्या आधीच येऊन बसली होती.

“उद्यापासून सकाळची पोहे-जिलेबी बंद,” सुनावणीपूर्वीच तिने निकाल दिला.

मी बचावासाठी चरकाचार्यांना साक्षीस पाचारण केले. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, ऋतुचर्येच्या अध्यायात, स्वच्छ सांगितले आहे की हेमंतात बाहेरील शीतामुळे आत कोंडला गेलेला जठराग्नी अत्यंत बलवान होतो, आणि त्यास गुरू व स्निग्ध अन्नाचे इंधन न मिळाल्यास तो देहातील रसावरच हात टाकतो. सबब, थंडीत तुपाला नकार देणे म्हणजे राहत्या घराला आपल्याच हाताने काडी लावणे होय, असा युक्तिवाद मी पुष्कळ संयमाने मांडला.

“चरकांनी हे लिहिले तेव्हा माणसे आडाचे पाणी ओढत होती,” ती म्हणाली. “तुम्ही वाहता नळ बंद करायलासुद्धा मला हाक मारता.”

या मुद्द्यावर चरकाचार्य निरुत्तर झाले, तेथे माझी काय कथा!

रायपूरला आहारसंयमाची परंपरा नाही, असे मात्र कोणी समजू नये. येथील दूधाधारी मठास ज्यांच्यावरून नाव पडले ते महंत बलभद्रदास केवळ दुधावर राहत असत असे सांगतात, आणि त्याच मठातील राममंदिराशी बिंबाजी भोसल्यांचे नाव जोडले जाते. १७४१ साली भास्करपंतांच्या नेतृत्वाखाली नागपूरकर भोसल्यांची फौज छत्तीसगडात उतरली, १७५८ पासून बिंबाजीराजे रतनपुरास राहून इकडचा कारभार पाहू लागले, आणि त्या लष्कराच्या व दप्तराच्या मागोमाग जी मराठी घराणी इकडे येऊन इकडचीच झाली, त्यांत आमचेही एक आहे अशी आमच्या घरातील दंतकथा आहे. मुलूख आमच्या पूर्वजांनी घेतला हे इतिहास सांगतो. परंतु ठेठरी, खुरमी, चौसेला, अइरसा आणि आलूगुंडा यांनी त्यानंतर आमच्या घराण्याचा जो कब्जा घेतला, तो अद्याप उठलेला नाही, हे सांगायला माझे पोट समर्थ आहे. महंतांचा आदर्शही आम्ही स्वीकारला. मात्र दूध आटवून आणि त्यात साखर घालून.

असो. पोहे-जिलेबीच्या रिक्त जागी कोणाची नेमणूक करावी, याचा निर्णय न्यू जर्सीत झाला. तेथे माझी भाची असते. तिने पाठवलेल्या छायाचित्रात खिडकीबाहेर हिम पडत होते, खिडकीत लोकरीची शाल होती, शालीशेजारी वाफाळता पेला होता, आणि पेल्याशेजारी सोनेरी माथ्याचे मफिन ओळीने बसले होते; खाली लिहिले होते की यांत लोणी नाही, साखर नाममात्र, आणि दर नगी उष्मांक अवघे १४०. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजाऱ्यांची वाळत घातलेली रजई तेवढी दिसते. पण सौभाग्यवतीला त्या रजईतही हिम दिसू लागले.

“बाजारातल्या मोठ्या मफिनात चारशेच्या आसपास असतात म्हणे. हे एकशेचाळीस! म्हणजे एकामागे दोनशेसाठ वाचले.”

हे वाक्य मी मनातल्या मनात टाचण म्हणून लिहून ठेवले. जो खर्च करावयाचाच नव्हता, तो टळल्याबद्दल तेवढी रक्कम जमेस धरता येते, हे तत्त्व मला सरकारी नोकरीत कोणी शिकवले नाही. शिकवले असते, तर मी याहून बऱ्याच वरच्या हुद्द्यावरून निवृत्त झालो असतो.

मुलाने पुण्याहून पाठवलेली विजेची भट्टी, जिला तो ओटीजी म्हणतो, आमच्याकडे दीर्घकाळ लोणच्याच्या बरण्या ठेवण्याच्या कामी येत होती. तिच्यावरील बरण्यांची बदली करून तिला मूळ कामावर रुजू करण्यात आले. आमच्या आईच्या काळी असले काही करायचे म्हणजे कढईत वाळू तापवून त्यावर डबा ठेवीत आणि झाकणावर निखारे रचीत, किंवा नानकटाईचे पत्रे भरून भट्टीवाल्याकडे पाठवीत. आणि तेथून परत आलेल्या पत्र्यांत आपल्याहून शेजारणीच्याच नानकटाया अधिक निघाल्या, तरी कोणी ब्र काढीत नसे. त्या कारभारात अंशांचा उल्लेख कोठेच नव्हता. वास आला की झाले.

भट्टी सुरू झाल्याची इतल्ला मिळताच भिलाईहून मेहुणे दाखल झाले. पोलाद कारखान्यात त्यांची सारी नोकरी झोतभट्टीवर झाली असल्यामुळे, पृथ्वीवर जेथे जेथे काही तापत असेल तेथे तेथे आपला अंमल चालतो, अशी त्यांची समजूत आहे. भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. मेहुणे तेथे पुष्कळ वर्षांनी लागले, तथापि त्यांचे बोलणे ऐकून ती त्यांच्याच काडीने पेटली असावी, असा नवख्याचा ग्रह होतो.

“किती टेम्परेचर लावणार, भाऊजी?”

“एकशेऐंशी-नव्वद असेल,” मी म्हणालो.

ते खिन्नपणे हसले. “आमच्याकडे लोखंड पंधराशेला बाहेर यायचं. एकशेऐंशीवर आम्ही जेवणाचे डबे गरम करत होतो.”

भाचीच्या कृतीत ३७५ अंश लिहिले होते आणि आमच्या भट्टीची तबकडी २५० वर संपत होती. ही सव्वाशे अंशांची तूट पाहून मेहुण्यांची कळी खुलली. तूट भरून काढण्याची त्यांनी दोन कलमी योजना आखली: तबकडी शेवटच्या आकड्यापर्यंत पिळायची, आणि वेळ दीडपट द्यायचा. अमेरिकेत अंश फॅरनहाइटचे असतात आणि तेथले ३७५ म्हणजे आपले १९०, हा खुलासा भाचीकडून आला तेव्हा पहिली खेप बाहेर पडून तिचा पंचनामा चालू होता. मेहुण्यांनी एक नग चिमट्याने उलटा केला, टिचकी मारून आवाज ऐकला आणि समाधानाने मान हलवली. “स्लॅग छान सुटलाय,” ते म्हणाले. “आतला माल थोडा कच्चा आहे.”

मापांचा तंटा निराळाच. कृतीत सर्व काही कपाने मोजायचे होते, आणि तो कप सुमारे २४० मिलिलिटरचा. आमच्या घरी वर्षानुवर्षांच्या हळदीकुंकवांच्या वाणांतून जमलेली वाट्यांची एक फौज आहे. तीत एका मापाच्या दोन वाट्या सापडणे दुर्घट. १९७० साली कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे माप देऊन मराठी गृहिणीची तराजूपासून सुटका केली, परंतु एका पदार्थाला एकच वाटी धरावी, ही त्यामागील अव्यक्त अट मेहुण्यांना ठाऊक नव्हती. त्यांनी कणकेला आमच्या लग्नातली वाटी घेतली, दह्याला कोणाच्या तरी मुंजीतली, आणि खायच्या सोड्याला चमचा कोणता घ्यावा यावर भावाबहिणींत जे मतांतर झाले, त्यातून दोघांनीही एकमेकांच्या पाठीमागे आपापला चमचा स्वतंत्रपणे टाकला. त्या खेपेच्या मफिनांना साबणाची चव होती. सोड्याला पुरेसा आंबटपणा भेटला नाही म्हणजे तो शिल्लक राहतो आणि जिभेवर येऊन आपली ओळख करून देतो. बर्मिंगहॅमचे औषधविक्रेते आल्फ्रेड बर्ड यांनी, आपल्या पत्नीला खमीर मानवत नाही म्हणून, १८४३ मध्ये खमिरावाचून पाव फुगवणारी भुकटी शोधून काढली असे सांगतात. त्या दांपत्याच्या मध्ये मेहुणा नसावा.

घटकपदार्थांची सरबराई हेही एक प्रकरणच झाले. सफरचंदाच्या गराऐवजी पपई आली. मैद्याची जागा निम्मी कणकेने आणि निम्मी कोदोच्या पिठाने घेतली; कारण २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले तेव्हा राष्ट्रकर्तव्य म्हणून घेतलेले कोदोचे पाकीट अद्याप फळीवर तसेच उभे होते. ब्लूबेरीची किंमत ऐकून मेहुणे बाजारातून बोरे घेऊन आले. आकाराने लहान, घाटाने गोल, आणि मूळचे फळ. कृतीतल्या तिन्ही अटी पुऱ्या होतात, असे त्यांचे म्हणणे पडले. फळाला आठी नसावी, ही चौथी अट कृतीत लिहिलेलीच नव्हती. शेजारचे वकीलसाहेब, ज्यांची कवळी नवी होती, त्यांनी पहिला घास घेतल्यावर जो चेहरा केला, तो पाहून मी त्यांच्याकडून नोटीस येण्याची कितीतरी दिवस वाट पाहिली.

तेल काढून टाकले की मफिनाचे काय होते, हे येथे थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. कारण या विषयावर अधिकारवाणीने बोलण्याइतका अनुभव माझ्या दाढांनी घेतला आहे. गव्हाच्या पिठात पाणी पडले आणि कालवणाऱ्याने डाव फिरवायला सुरुवात केली, की त्यातील प्रथिने एकमेकांचे हात धरून ग्लुटेन नामक संघटना उभारू लागतात. तेल किंवा लोणी ही त्या संघटनेत फितुरी माजवणारी मंडळी. ती दोन हातांच्या मध्ये शिरतात, साखळी लांबू देत नाहीत, आणि म्हणून मफिन खुसखुशीत राहतो. साखरेचे कामही नुसते गोडवा आणण्याचे नसून, ती ओलावा धरून ठेवते आणि माथ्याला तो सोनेरी रंग आणते. या दोघांनाही एकाच हुकमाने बडतर्फ केले, आणि वर मेहुण्यांसारखा माणूस ‘एकजीव झालं पाहिजे’ म्हणून सर्व बळ लावून घोटू लागला, म्हणजे संघटनेला मैदान मोकळे मिळते. एका ग्रॅम स्निग्धांशात नऊ उष्मांक आणि एका ग्रॅम साखरेत चार, एवढा हिशेब सौभाग्यवतीने पाठ केला होता. पण ते नऊ आणि चार जाताना आपल्याबरोबर काय काय घेऊन जातात, हे त्या कोष्टकात दिलेले नव्हते. आमचे मफिन दाताखाली तुटत नसत. ते वाकत, आणि दात उचलला की मूळ पदावर येत.

शिवाय कागदाची गोष्ट. मफिन ज्या चुण्याचुण्यांच्या कागदी वाट्यांत भाजतात, त्या वाट्या तेलाच्या ओशटपणामुळे सुटून येतात; तेलच नसेल तर कागद आणि मफिन यांचा असा काही दृढसंबंध जडतो की एकाला सोडून दुसरा येत नाही. मी नखाने सोलून पाहिले, सुरीने तासून पाहिले. अखेरीस हाती राहिले ते अर्ध्या मफिनाचे अस्तर असलेला कागद आणि कागदाचे ठिगळ असलेला अर्धा मफिन. मेहुण्यांनी हा प्रश्न आपल्यापुरता बिनतक्रार सोडवला. त्यांनी मफिन कागदासकट खाल्ला. “फायबर असतं,” ते म्हणाले.

आमच्याकडे भांड्यांना येणारी बाई हे सर्व ओट्याशी उभी राहून पाहत होती. तिने एक नग हातात घेतला, वास घेतला, आणि विचारले, “ये ह तो अंगाकर आय, बाबूजी. फेर पाना कहाँ हे?”

अंगाकर म्हणजे इकडची जाड रोटी. शिळा भात आणि तांदळाचे पीठ एकत्र मळून त्याची भाकर थापतात, वर-खाली पळसाची पाने लावून ती गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर ठेवतात, आणि भाजून झाली की पान करपून आपोआप सुटते. तेल लागत नाही, कागद लागत नाही, आणि न्यू जर्सीचा सल्लाही लागत नाही. बाईने पुढे असेही सुचवले की बाईसाहेबांना तेल नकोच असेल तर हरभऱ्याच्या डाळीची बफौरी वाफवावी, फरा करावा. तिच्या घरी हे सर्व थंडीत नेहमीच होते.

“ते ठीक आहे,” सौभाग्यवती म्हणाली, “पण बफौरीत उष्मांक किती, ते कुठे लिहिलेलं असतं?”

बाईने भांडी उचलली. ज्या पदार्थाच्या हलकेपणाची लेखी नोंद नाही तो हलका कसा मानावा, या प्रश्नाला तिच्याजवळ उत्तर नव्हते.

यानंतर आला हिरवेपणाचा प्रसंग. अक्रोड महाग आणि उष्मांकांनी संपन्न, म्हणून त्यांच्या जागी सूर्यफुलाच्या सोललेल्या बिया घालण्याची टूम निघाली. मफिन संध्याकाळी बाहेर आले तेव्हा दृष्ट लागण्याजोगे होते. सकाळी एक मधोमध फोडला, तो बियांभोवती गडद हिरवी वलये पसरलेली. बुरशी म्हणावी तर ती एका रात्रीत, आणि तीही एवढ्या शिस्तीत, प्रत्येक बीभोवती गोल कशी यावी? मेहुण्यांनी तांब्याचा संशय व्यक्त केला. सौभाग्यवतीने माझ्याकडे पाहिले. घरात काहीही विपरीत घडले की प्रथम माझ्याकडे पाहण्याचा तिचा शिरस्ता आहे. शेवटी भाचीने कळवले की सूर्यफुलाच्या बियांत क्लोरोजेनिक आम्ल असते, जास्त झालेल्या सोड्याशी गाठ पडली की ते हिरवे होते, आणि खाण्यास कोणताही अपाय नाही. विज्ञानाने अभय दिले. पण पाहुण्यांना काय सांगावे? त्या दिवशी दुपारी सौभाग्यवतीच्या दोन मैत्रिणी आल्या आणि त्यांनी फोडलेल्या मफिनाकडे बोट दाखवले, तेव्हा ती क्षणभरही न अडखळता म्हणाली,

“पालक घातलाय.”

“अगंबाई! मफिनमध्ये पालक?” दोघींच्या चेहऱ्यावर जो आदरभाव उमटला, तो आमच्या घरातील कोणत्याही खुसखुशीत पदार्थाच्या वाट्याला आजवर आलेला नाही. त्यांतील एकीने तर पहिल्याच घासाला आपल्याला हलके वाटू लागल्याचे सांगितले. कृती लिहून देताना सौभाग्यवतीने पालक एक जुडी असे लिहिले, आणि त्या कृतीने चौबे कॉलनीत कितीजणींकडे काय काय झाले, याची चौकशी करण्याचे धाडस मी केलेले नाही.

आता हिशेबाकडे वळतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात अमेरिकेत अ‍ॅटवॉटर नामक शास्त्रज्ञाने माणसाला एका बंद कोठडीत ठेवून, तो काय खातो आणि त्याच्या देहातून उष्णता किती निघते, याचा ताळेबंद मांडला होता. आमच्या घरी कोठडीची गरज पडली नाही. सौभाग्यवतीने एक लांबट वही घातली. तीत डाव्या बाजूस खाल्लेले उष्मांक आणि उजव्या बाजूस वाचलेले. डावी बाजू आखडती असे, उजवी मोठी भरघोस. आणि एकदा शिल्लक दिसू लागली की ती पडून कशी राहू द्यायची? मफिन हलका आहे, म्हणून त्याला थोडे लोणी लावायला हरकत नाही, असा पहिला ठराव झाला. लोण्याच्या एका मोठ्या चमच्यात शंभर उष्मांक असतात हे मी निदर्शनास आणले, तेव्हा ‘ते वाचलेल्यातून’ असे उत्तर मिळाले. साखर नाही म्हणून वर मुरंबा आला. मुरंब्याने घसा बसतो म्हणून सायीचा चहा आला. संध्याकाळच्या हळदीकुंकवातील बटाटेवडे वहीत चढत नसत, कारण हळदीकुंकवाला जाणे हे सामाजिक कर्तव्य असून कर्तव्यात उष्मांक नसतात.

माझे स्वतःचे खाते मी निराळे ठेवले होते. सकाळी तेलीबांधा तलावाच्या काठाने, ज्याला रायपूरकर अभिमानाने मरीन ड्राइव्ह म्हणतात, मी चालायला जात असे. दोन मफिन खाल्ल्यामुळे ५२० उष्मांकांची बचत पदरी. आणि सरकारी खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही की मंजूर तरतूद मुदतीत खर्ची पडली नाही तर ३१ मार्चला ती बुडते, आणि पुढील वर्षी मागणी करायला तोंड राहत नाही. अशा शुद्ध प्रशासकीय भावनेने एका पहाटे मी पोहे-जिलेबीच्या गाडीशी थांबलो असता, धुक्यातून एक मफलर पुढे आला. मफलरात वकीलसाहेब होते.

“आपण इकडे?” त्यांनी विचारले.

“सहज. चालायला आलो होतो. आपण?”

“मीही सहजच.”

“मग ती प्लेट?”

त्यांनी हातातील जिलेबीकडे, ती तेथे कशी आली याचे आश्चर्य वाटल्यासारखे पाहिले. “कोणीतरी धरायला दिली आहे,” ते म्हणाले.

मी त्यांची कैफियत मान्य केली. कारण माझ्यासाठी बांधून ठेवलेले आलूगुंडे गाडीवाला नेमके त्याच क्षणी मोठ्याने नाव घेऊन पुढे करीत होता. वकीलसाहेबांनी मग मोकळेपणाने सांगितले की त्यांच्याकडेही मफिन सुरू झाले असून तेथील दर नगाची बचत तीनशेवर गेलेली आहे. इतकी शिल्लक घेऊन माणसाने घरी बसावे तरी कसे? आम्ही बाकावर टेकलो तो गाडीच्या पलीकडून परिचित आवाज आला: “भैया, जलेबी थोडा और कड़क. तेल अभी ठंडा है.” मेहुणे कढईत वाकून तापमान पाहत होते. ते भिलाईला परत गेल्याची बातमी आदल्या दिवशी मला त्यांनी स्वतःच दिली होती.

पौष पौर्णिमेला छेरछेरा आला. या दिवशी इकडे पोरे दारोदार नव्या धान्याचे दान मागत फिरतात आणि कोणालाही विन्मुख पाठवायचे नसते. सौभाग्यवतीने परातभर मफिन दाराशी मांडून ठेवले. पहिल्याच टोळीतल्या म्होरक्याने एक उचलला, दाबला, तो मूळ आकारास येईपर्यंत लक्षपूर्वक पाहिला, आणि तो परत ठेवून अत्यंत अदबीने विचारले, “चाउर नइ हे का, दाई?” तांदूळ दिले. मफिन परातीत राहिले.

पण संक्रांत ते रथसप्तमी या पंधरवड्यात मात्र या मफिनांना खरा राजाश्रय मिळाला. सौभाग्यवतीने यंदा वाण म्हणून सहा खळग्यांचे मफिनचे पत्रे लुटले, आणि परिणामी रायपुरातील मराठी वस्तीच्या ज्या ज्या घरात विजेची भट्टी होती ते ते घर हलके मफिन भाजू लागले. आलेला डबा रिकामा परत पाठवू नये, हा आपल्याकडील जुना कायदा. चौबे कॉलनीतून डबा समता कॉलनीत जाई. समता कॉलनी तो आपल्या मफिनांनी भरून परत पाठवी. त्या मफिनांचे काय करावे हा प्रश्न पडला की ते शंकरनगरच्या डब्यात जात. आणि शंकरनगरातही माणसेच राहतात. भेटणारी प्रत्येक बाई ‘काय सुरेख झाले होते हो तुमचे!’ म्हणे, आणि ज्या अर्थी कोणी ‘मऊ’ किंवा ‘गोड’ असा अधिक तपशील देत नसे, त्या अर्थी ते कोणी खाल्ले असावेत असे मला तरी वाटले नाही.

एका दुपारी शंकरनगरच्या वहिनींकडून परतीचा डबा आला. सौभाग्यवतीने झाकण उघडले, वरचा नग उचलून मधोमध फोडला, आणि ती जागच्या जागी थांबली. आत हिरवी वलये होती. एका वलयाशेजारी बोराची आठी होती. मेहुण्यांनी चष्मा लावून पाहणी केली, तळाचा कागद उलटवला, आणि त्यावर आमच्या भट्टीच्या जाळीचा तिरका डाग दाखवला. त्या डागाविषयी न्यायालयातसुद्धा वाद होऊ शकला नसता.

“हा आपलाच,” मी म्हणालो.

“हळू बोला,” ती म्हणाली.

“किती घरं फिरून आला असेल?” मेहुण्यांनी तो हातावर तोलला. “वजन मात्र जराही घटलेलं नाही. मटेरियल चांगलं आहे.”

इतक्यात दाराची घंटा वाजली. वकीलसाहेबांच्या पत्नी, हातात हळदीकुंकवाची कोयरी घेऊन, निमंत्रणाला आल्या होत्या. सौभाग्यवतीने फोडलेले दोन्ही अर्धे माझ्या मुठीत कोंबले, डबा पदराने पुसला, झाकण घट्ट लावले आणि हसतमुखाने पुढे झाली.

“या ना, वहिनी! तुमच्याचकडे यायला निघाले होते. हे घ्या, आजच केलेत.”

“अय्या, मफिन! हलके आहेत ना?”

“एकशेचाळीस,” सौभाग्यवती म्हणाली.